वरचे आठ

मोटर जळल्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर निघत नाही. नोव्हेंबरातली सकाळ होती, नऊ वाजले असतील. मी पाटावर उभा राहून पाणी वळवत होतो आणि तो वास आला. पंपाच्या खोलीकडे धावत जाऊन खटका खाली ओढेपर्यंत दारातून धूर निघाला होता. आठ बिघ्यांपैकी दोनच बिघे भिजले होते. पेरणीआधीच्या या पाण्याला आमच्याकडे पलेवा म्हणतात. तो झाल्याशिवाय गहू पेरता येत नाही, आणि बियाण्याची पोती तर घरात येऊन पडलेली.

"गेली?" मंदाने बांधावरून विचारलं. तिच्या डोक्यावर म्हशीच्या चाऱ्याचा भारा होता.

"गेली."

"वर्षात तिसऱ्यांदा," ती म्हणाली आणि भारा घेऊन गोठ्याकडे वळली.

मी जयसिंहराव भोईटे. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. घोडे गेले, तलवार दसऱ्याला पुसण्यापुरती उरली, आणि शहर संपून शेतं सुरू होतात तिथली ही जमीन राहिली. मुलगा उत्कर्ष अजूनही फौजेतच आहे, जम्मूकडे. त्याची बायको गरिमा आमच्याजवळ असते. घरात मी बोलायचं आणि बायकांनी मान डोलवायची, अशी आमची रीत. निदान मी तसं समजत होतो.

मोटर ट्रॉलीत घालून मी जयेंद्रगंजच्या मागच्या गल्लीत गोविंदकडे नेली. मंदा बरोबर आली, कारण तिला टोपी बाजारातून लोकर घ्यायची होती. गोविंदच्या दुकानात मोटरी रांगेत पडलेल्या, प्रत्येकीवर खडूने नाव लिहिलेलं.

"आज शाम को हो जाएगी?" मी विचारलं.

"अरे भोईटे साहब, शाम को तो हो ही जाएगी," गोविंद म्हणाला. कुठली शाम ते त्याने सांगितलं नाही. मी रोज ट्रॅक्टर घेऊन जायचो, पत्र्याच्या स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो आणि रिकाम्या ट्रॉलीने परत यायचो. मंदाची लोकर पहिल्या दिवशीच घेऊन झाली होती, तरी ती रोज बरोबर येत राहिली. ती गोविंदच्या हातांकडे बघत बसायची. तो लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळून कॉइल करी, कॉइल मोटरच्या खाचांत बसवी आणि वरून बांबूची चीप ठोकी.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "हे मी करू शकते."

गोविंदने हातातला हातोडा खाली ठेवला. "चाची, ये स्वेटर बुनना नहीं है."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, हे आता लिहिताना लाज वाटते.  परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ती विणत होती. एवढ्या धक्क्यांतही तिचा टाका चुकला नाही.

मोटर सहाव्या दिवशी मिळाली. गहू पेरला गेला, पण उशिराच.

पुढच्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "शिंदे की छावनीत मोटर वाइंडिंगचा क्लास आहे. तीन महिन्यांचा. आठवी पास लागते."

"मग?"

"मी आठवी पास आहे."

"मंदा, तू छप्पन्न वर्षांची आहेस."

"ते त्यांनी विचारलेलं नाही."

मी गरिमाकडे पाहिलं. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, आप जाओ ना. दुपारचं सगळं मी देख लूंगी. म्हशीचं पण."

"म्हैस तिला हात लावू देते का?" मी विचारलं.

"मग बाबा करतील," गरिमा म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकून चुलीकडे गेली. मला न विचारताच माझं काम ठरून गेलं होतं.

नाव घालायला मला बरोबर जावं लागलं. खिडकीतल्या माणसाने वर न पाहता विचारलं, "बच्चे का नाम?"

"मंदा जयसिंहराव भोईटे," मंदा म्हणाली.

"पोते का नाम पूछ रहा हूँ, माताजी."

"पोता अभी हुआ नहीं है. मेरा ही नाम लिखो."

त्याने मान वर केली, आधी तिला पाहिलं आणि मग मला. मागे रांगेतली पोरं खिदळत होती. मी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागलो. मंदाने पेन घेतलं आणि खाली वाकून सही केली. पस्तीस वर्षांत मी तिला मतदानाशिवाय कुठे सही करताना पाहिलं नव्हतं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पहिले दोन आठवडे मी रुसून होतो. मोटरसायकल दारात उभी असताना ती अर्धा कोस चालत सडकेपर्यंत जायची आणि तिथून टेम्पो पकडायची. साडीवर उत्कर्षचा जुना फौजी स्वेटर, पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत वही, पक्कड आणि डबा. मी म्हशीजवळ उभा राहून बघायचो. म्हैस मला दूध चोरायची आणि शेपटी तोंडावर मारायची. दोन महिन्यांत तिने मला बरीच नम्रता शिकवली.

मंदा परत आली की बोलत सुटायची. आमच्या घरात एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. विजेला जायला वाट लागते आणि परतायलाही वाट लागते. तारेवरचा पारदर्शक मुलामा नखाने खरवडला गेला तरी मोटर जळते. पोळी लाटता लाटता ती पिठाच्या बोटाने पोळपाटावर गोल काढायची, त्याला खाचा पाडायची आणि गरिमाला दाखवायची, ही तार इथून गेली की चार खाचा सोडून तिकडे निघते. गोल पुसायचा आणि त्यावरच पुढची पोळी लाटायची.

"मास्तर कोण आहेत तुमचे?" एकदा मी रुसवा विसरून विचारलं.

"मास्तर नाहीत, मॅडम आहेत. रुचिका मॅडम. आपल्या गरिमाएवढी आहे. मला मंदाताई म्हणते आणि चुकले की सगळ्यांसमोर रागावते." हे सांगताना तिचा चेहरा इतका फुलला होता की मला उगाच त्या रुचिका मॅडमचा हेवा वाटला. मी तिच्यावर आयुष्यभर रागावलो, पण ती अशी कधी फुलली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात थंडी वाढली आणि धुकं पडायला लागलं. मी मोटरसायकल काढली. "धुक्यात चालू नकोस," म्हणालो. ती मागे बसली. पुढे धुकं सरलं, ऊन पडलं, तरी मी सोडायला जातच राहिलो. दोघांपैकी कोणी त्याचा विषय काढला नाही.

जानेवारीत प्रत्येकाला एकेक छताचा पंखा मिळाला. घरी नेऊन कॉइल भरायच्या, आणून वर्गात चालवून दाखवायचा. प्रत्येक कॉइलीला चारशे वेढे. वर्गातल्या यंत्राला वेढे मोजणारा काटा होता, घरी कुठला असणार? मंदाने गावच्या सुताराकडून लाकडी फर्मा आणि मूठ करून घेतली. उजव्या हाताने मूठ फिरवायची, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, आणि मोजायला देवघरातली तुळशीची माळ गुडघ्यावर घेतली. मूठ एकदा फिरली की करंगळीने एक मणी सरकवायचा. चार माळा झाल्या की कॉइल झाली. अंगणात उन्हाला बसून ती अशी फिरवत असायची आणि येणारे जाणारे ती तपाला बसलीय असं समजून नमस्कार करून जायचे.

शेवटच्या कॉइली बसता बसेनात. तिने अंगठ्याने दाबून दाबून त्या खाचांत कोंबल्या. अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. रात्रीच्या जेवणाला गरिमाने तिला घास भरवला.

पंखा चालवायच्या दिवशी मी वर्गाच्या दाराबाहेर थांबलो. इतरांचे पंखे भरभरा फिरले. मंदाच्या पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला, पण जेवण जड झाल्यासारखा. त्याची पाती एकेक मोजता यावीत. पोरं "दादी का पंखा" म्हणून हसायला लागली. रुचिका मॅडमने पंखा उतरवला, उघडला, कॉइलींवरून बोट फिरवलं.

"मंदाताई, ह्या मोठ्या कशा झाल्या? किती वेढे घातले?"

"चारशे. मोजून."

"कशाने मोजून?"

मंदाने पिशवीतून माळ काढली. "ह्या माळेने. चार माळा."

"माळेत मणी किती?"

"एकशेआठ."

"मग चार माळा किती झाल्या?"

"चारशे," मंदा म्हणाली.

 मी दाराबाहेर कपाळाला हात लावला. मंदा आमच्या घरी लग्न होऊन आली, त्याच आठवड्यात माझ्या आईने तिला सांगितलं होतं, माळ एकशेआठ मण्यांची, पण धरायची शंभर. वरचे आठ देवाचे. जप करताना मन इकडेतिकडे जातं, एखादं नाव अर्धवट राहतं, त्याची भरपाई म्हणून ते सोडून द्यायचे. आमच्या देवघरात पिढ्यान् पिढ्या असाच हिशेब. पस्तीस वर्षं एक माळ म्हणजे शंभर, हे तिच्या हाडात मुरलेलं. चारशे बत्तीस वेढे घालून ही बाई शपथेवर चारशे सांगत होती.

रुचिका मॅडमला हे समजायला मिनिटभर लागलं. मग ती इतकी हसली की टेबलाला धरून उभी राहिली. "मंदाताई, अहो विजेला देव-बिव काही समजत नाही. वो पूरा हिसाब मांगती है!"

आणि मंदाही हसायला लागली. सुजलेल्या अंगठ्याचा हात तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पोरं हसली. मग मी दारातून आत जाऊन हसलो, आणि यावेळी माझं हसणं निराळं होतं.

तो पंखा तिने सगळा सोडला आणि पुन्हा भरला.

फेब्रुवारीच्या मध्यावर परीक्षा झाली, ती पास झाली. कागद अजून हातात यायचा होता. गव्हाच्या ओंब्या बाहेर पडून दाणा दुधात आला होता. त्यातच पश्चिमेचा कोरडा वारा सुटला. आमच्याकडे त्याला पछुआ म्हणतात. या दिवसांत सहासात दिवसांच्या आत पाणी मिळालं नाही तर दाणा चिमून जातो, मग ओंबीत नुसतं कुसळ उरतं. सोमवारी सकाळी मी खटका वर केला आणि पुन्हा तोच वास आला.

गोविंदला फोन लावला. "लगन का टाइम, खेती का टाइम. बारह दिन लगेंगे, भोईटे साहब."

शेजारच्या विक्रमसिंहाची विहीर होती, पण त्याचेच तीस बिघे तहानलेले. मी पंपाच्या खोलीसमोर डोकं धरून बसलो. मंदा आली, हातात पान्हे. तिने मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "त्या बाजूने धरा. जड आहे."

"मंदा, ही पंख्याची गोष्ट नाही. सगळा गहू आहे यावर."

"म्हणूनच म्हणते, धरा."

मी धरलं. त्या वाऱ्यात, त्या उभ्या पिकाकडे पाहत, मला तिच्यावर विश्वास नव्हता. दुसरा उपाय नव्हता, म्हणून धरलं.

तिने रुचिका मॅडमला फोन केला. मॅडम म्हणाली, "मी नाही येणार. मी आले तर ती माझी मोटर होईल. अडलं तर फोन करा."

सोमवारभर आम्ही जळक्या कॉइली छिन्नीने तोडून काढल्या. तांबं काळं पडलेलं, हाताला चिकटणारं. मंदा एकेक तार मोजून वहीत लिहीत होती. चोवीस खाचा, बारा कॉइली, प्रत्येकीत बावन्न वेढे. मंगळवारी तिने शहरातून त्याच जाडीची तार आणली, खाचांत कागद घातला. बुधवारी सकाळी अंगणात फर्मा मांडला आणि माळ माझ्या हातात दिली. बावन्नाव्या मण्यापाशी तिने लाल दोरा बांधला होता.

"तुम्ही मोजा. मी मोजायला गेले की तोंडात जपच येतो. मूठ एकदा फिरली की एक मणी. दोऱ्याला पोचलात की थांब म्हणा."

आठ कॉइली नीट झाल्या. नवव्या वेळी विक्रमसिंह बांधावरून ओरडला, "भोईटे साहब! अब चाची के मजदूर हो गए क्या?" मी त्याला ओरडून उत्तर दिलं. मग पाहिलं तर मूठ फिरत होती आणि माझं बोट कुठल्या मण्यावर होतं, कोण जाणे. मण्यांवर अंदाजाने पुढे सरकलो आणि दोरा आल्यावर म्हणालो, "थांब."

बाराही झाल्या. जेवून मंदा त्या खाचांत बसवायला लागली, एकेक तार बोटाने चेपत, बांबूची चीप हातोडीने हलके ठोकत. सात बसल्या, आठवी बसली.  पुरुषाने बायकोसमोर मोजायलासुद्धा चुकावं? बोललो नाही तर कदाचित काही होणारही नाही, असंही मनात आलं. मग गव्हाकडे नजर गेली.

"मंदा, नववीत माझी चूक झालीय."

ती थांबली. "किती?"

"माहीत नाही. विक्रमसिंहाशी बोलण्यात मोजणं हुकलं."

मला वाटलं, आता ती बोलेल. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. गोविंदच्या दुकानातल्या हसण्यापासून सगळं होतं. तिने नववी कॉइल उचलली, फर्म्यावर घातली आणि उलटी सोडत मोजली. सत्तेचाळीस.

"पाच कमी. हीच आधी तापली असती, पुन्हा तोच वास," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं बोललात." आणि माळ पुन्हा माझ्या हातात दिली. त्या माळेला हात लावताना माझे डोळे भरून आले, हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. आता सांगतो.

गुरुवारी कॉइलींची टोकं जोडली, दोऱ्याने बांधली, वार्निश ओतलं. ते वाळायला मोटर दिवसभर उन्हात ठेवली, संध्याकाळी पोटात मोठा बल्ब पेटवून वर पोतं टाकलं. शुक्रवारीही तेच. शनिवारी सकाळी तिने बल्ब लावून तपासलं, वीज मोटरच्या अंगात कुठे उतरते का. बल्ब पेटला नाही. पेटला असता तर सगळं वाया गेलं असतं. बल्ब न पेटल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मोटर विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत परत बसवली. पंपात पाणी भरलं. विक्रमसिंह तमाशा बघायला येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी चारपाच जण. गरिमाने फोन वर धरला होता, पलीकडे उत्कर्ष बघत होता.

मंदाने खटका वर केला.

मोटर गुणगुणली. आवाज असा गोड, की गोविंदच्या हाताखालून कधी आला नव्हता. धूर नाही, वास नाही. आम्ही सगळे पाइपाच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दोन थेंब पडले. मग काही नाही.

"चाची," विक्रमसिंह म्हणाला, "मोटर तो गा रही है, पर पानी का क्या?" मागचे हसले.  आठ बिघे, सहा दिवस, सगळं त्या दोन थेंबांत संपलं असं वाटलं.

मंदा खाली बसली, मोटरच्या मागच्या पंख्याकडे नीट पाहिलं. तिने खटका खाली ओढला, खोलीबाहेरचा मेन काढला आणि पिशवीतून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"उलटी फिरते आहे. तीन तारांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की सुलटी." तिने दोन तारा सोडल्या, जागा बदलून आवळल्या. दोन मिनिटांचं काम. मेन जोडला. "खटका तुम्ही वर करा," ती मला म्हणाली.

मी केला.

पाइपाने आधी खोकल्यासारखा आवाज काढला, मग तोंड भरून पाणी आलं. मांडीएवढं, पांढरं, गार पाणी हौदात आदळलं आणि पाटाने गव्हाकडे पळत सुटलं. गरिमा किंचाळली. फोनमधून उत्कर्ष काहीतरी ओरडत होता. विक्रमसिंहाने डोक्यावरचा गमछा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "चाची, मेरी भी एक जली पड़ी है. कब लाऊँ?"

"नंबर लगेगा," मंदा म्हणाली. "शाम को पूछना." आणि ती कुठली शाम, ते तिने सांगितलं नाही.

मग ती हौदाशी वाकली. वार्निशने पिवळे झालेले हात पाण्यात घातले, ओंजळ भरली आणि मोटरच्या ओट्याशी मातीत सोडली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. ती मोजत होती, तोंडाने, हळू.

"हे काय?" मी विचारलं.

"वरचे आठ. तारेत द्यायचे नाहीत ना. पण देवाचे आपल्याकडेच ठेवून कसं चालेल? पाण्यातून देते."

मी तिच्या शेजारी वाकलो आणि मोजायला लागलो. पाच, सहा, सात, आठ. यावेळी मी एकही चुकलो नाही.

तिने नववी ओंजळ भरली.

"आठ झाल्या की," मी म्हणालो. "ही कोणाची?"

"गोविंदच्या दुकानात सगळ्यांत मोठ्याने हसला होता त्याची," ती म्हणाली आणि ओंजळ माझ्या तोंडावर मारली.